चौथा काटा

"वर किती माणसं बसतात?" मी आतून ओरडून विचारलं.

"एरवी कुणी न्हाई," सग्डनबाबा म्हणाले. "गायनाच्या सोमवारी तीनशे."

"आणि गाताना उभी राहतात?"

"बसून गाणं व्हतंय व्हय, पोरी?"

मी गॅलरीच्या बाकांखालच्या पोकळीत पोटावर आडवी होते. हातात टॉर्च, केसांत शंभर वर्षांची धूळ, आणि नाकासमोर ती तुळई, जिच्यावर ही सगळी गॅलरी उभी होती. तुळई मधोमध चांगली दोन बोटं खाली वाकलेली होती. ती पुरेशी मजबूत आहे की नाही एवढंच मला सांगायचं होतं, आणि त्या सांगण्यावर अख्खं चर्च अडून बसलं होतं.

१९८३ सालचा मे महिना. मी एकोणतीस वर्षांची, लीड्सच्या एका कचेरीत इंजिनिअर. हेब्लीशॉ हे यॉर्कशरमधलं लोकरीच्या गिरण्यांचं गाव. तिथल्या जुन्या चर्चला विमा कंपनीचं पत्र आलं होतं. गॅलरी सुरक्षित असल्याचा दाखला द्या, नाहीतर ती बंद करा. गॅलरी बंद म्हणजे मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारचं भक्तिगीतांचं गायन बंद. ते गायन म्हणजेच त्या चर्चचा प्राण होता. वर्षभर रविवारी तेवीस म्हातारी माणसं यायची, पण त्या एका सोमवारी आसपासच्या दहा गावांतून माणूस लोटायचा. ते बंद पडलं तर इमारत विकून मोकळं व्हायचं असं मंडळीचं, म्हणजे चर्चच्या सभासदांचं, आधीच बोलणं झालं होतं. एक गालिचेवाला गिऱ्हाईक दारात उभाच होता.

आमच्या साहेबांनी फाईल माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "सही तू कर. तुझी पहिली." काम अवघड होतं म्हणून त्यांनी ते माझ्या गळ्यात मारलं, हे मला तेव्हाही कळलं होतं. पण मी हरखले होते.

सग्डनबाबांच्या भाषेबद्दल आधीच सांगून टाकते. त्यांचं इंग्रजी लंडनच्या माणसालाही कळलं नसतं. मला मात्र ते पहिल्या दिवसापासून आमच्या नेवाशाकडच्या मराठीसारखं ऐकू यायला लागलं, आणि चाळीस वर्षांनी आठवतंही तसंच. म्हणून इथे तसंच लिहिते. चर्चच्या सेक्रेटरी मिसेस ब्रिअर्ली शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे त्यांचं मराठी माझ्या कानात आपोआप शुद्ध झालं.

मी त्या पोकळीतून बाहेर आले तेव्हा बाबांनी मला हात दिला. चौऱ्याहत्तर वर्षांचा, काटकुळा माणूस. आयुष्यभर गिरणीत माग दुरुस्त केलेले, आणि आता मंडळीने निवडून दिलेले डीकन, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक. किल्ल्या त्यांच्याकडे, बॉयलर त्यांच्याकडे, गळका पत्राही त्यांच्याकडेच.

"कशी हाये?" त्यांनी विचारलं. विचारताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"अजून सांगता येत नाही. वजन ठेवून बघावं लागेल."

"बघ बाई," ते म्हणाले, आणि किल्ल्या मोजत खाली गेले.

ते चर्च मला पहिल्या पावलालाच ओळखीचं वाटलं होतं. बाहेरून नव्हे. बाहेर रस्त्याच्या बाजूला चार भव्य खांब, नक्षी, दगडात कोरलेलं १८६८ साल, आणि कोपरा वळून मागे गेलं की साधी गिरणीसारखी दगडी भिंत. लग्नाला जाणाऱ्याने पुढून कोट घालावा आणि मागचा फाटका सदरा कोणी बघणार नाही असं समजावं, तसं. आत मात्र वेगळं होतं. वेदी नाही, मूर्ती नाही, क्रूससुद्धा नाही. समोर बरोबर मध्यावर उपदेशाचं उंच व्यासपीठ, त्याच्या मागे ऑर्गन, आणि तीन बाजूंनी घोड्याच्या नालेसारखी वळलेली गॅलरी. खालचे बाक आणि वरचे बाक, सगळ्यांची तोंडं त्या एका जागेकडे. राजाच्या, म्हणजे सरकारी, चर्चमधून बाहेर पडलेल्या माणसांनी बांधलेली ही जागा होती. त्यांना धूप आणि घंटा नको होत्या, शब्द स्वच्छ ऐकू यायला हवे होते. त्यासाठी जाड दगडी खांब टाळून त्यांनी गिरणीत वापरतात तसले सडपातळ ओतीव लोखंडाचे खांब गॅलरीखाली लावले, म्हणजे खांबाआड कोणी बसायला नको. व्यासपीठावरून बरोबर दिसेल असं एक घड्याळ गॅलरीच्या कठड्याला ठोकलं होतं. उपदेशक लांबला तर त्याला ते दिसावं म्हणून.

माझे वडील नेवासे तालुक्यात पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. अमेरिकन मिशनऱ्यांनी बांधलेलं आमचं प्रार्थनामंदिर पत्र्याचं होतं आणि आम्ही सतरंजीवर बसायचो, पण घराणं तेच होतं. तिथेही बिशप नव्हता. नवा पाळक नेमायचा की विहिरीला कठडा बांधायचा, सगळं मंडळीच्या सभेत हात वर करून ठरायचं. मी हे सांगितलं तेव्हा मिसेस ब्रिअर्ली चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही आमच्याच. मग तुम्हाला माहीत असेल, आमच्याकडे एकाचं मत म्हणजे एकच मत. इंजिनिअरचं असलं तरी."

वजन म्हणून काय ठेवायचं हा प्रश्न होता. वाळूच्या गोण्या आणल्या तर बाकांचं पॉलिश जाईल म्हणून बायका हटून बसल्या. पाण्याची पिंपं फुटली तर काय घ्या. शेवटी सग्डनबाबांनीच तोड काढली. गावात एकच गिरणी चालू उरली होती, तिच्याकडून लोकरीच्या गठड्या उसन्या आणायच्या. प्रत्येक गठडीवर वजन लिहिलेलं असतं, आणि लोकरीने लाकडाला ओरखडासुद्धा येत नाही. गिरणीतले आठ गडी आले. त्यातले चौघे पाकिस्तानातल्या मीरपूरचे होते. मला पाहून त्यांनी ताईला हाक मारावी तसं उर्दूत विचारलं, "बाजी, गोऱ्यांच्या चर्चमध्ये लोकर कशाला?" मी म्हटलं, "प्रार्थनेला आलीय." दुपारपर्यंत गॅलरीतल्या प्रत्येक बाकावर माणसांच्या जागी गठड्या बसल्या. चर्चने इतकी गपगार मंडळी पूर्वी पाहिली नसेल.

गॅलरीच्या खाली चार ठिकाणी मी डायल गेज लावले होते. घड्याळासारखी तबकडी असते, आणि तुळई केसभर खाली आली तरी काटा हलतो. एक दिवस ओझं ठेवायचं, मग काढायचं. तुळई जितकी खाली गेली त्यातली निदान बारा आणे परत वर आली पाहिजे. तसं झालं तर ती जिवंत आहे असं आम्ही म्हणतो.

दुसऱ्या दिवशी गठड्या उतरवल्या आणि मी आकडे उतरवून घेतले. तीन ठिकाणी तुळई पाच-सहा मिलिमीटर खाली जाऊन छान परत आली होती. चौथं ठिकाण म्हणजे व्यासपीठाच्या बरोबर समोरची गॅलरी, जिथे ती दोन बोटं वाकलेली होती. त्याच्याखाली रंगीत काचांची एक लाकडी पडदी होती, बाहेरचं वारं आत येऊ नये म्हणून. तिथला काटा अर्धा मिलिमीटरच हलला होता.

साहेब फोनवर म्हणाले, "उत्तम. कर सही."

मी सही केली नाही. रात्रभर तो कागद माझ्यासमोर होता असं सांगितलं तर नाटकी होईल. मी जेवले आणि झोपले. पण सकाळी उठल्यावर पहिला विचार चौथ्या काट्याचाच आला. जी तुळई सगळ्यांत जास्त वाकलीय, तीच सगळ्यांत कमी हलते? वर्गातल्या सगळ्यांत ढ मुलाला शंभरपैकी शंभर पडले की मास्तर पेढे वाटत नाही, पाटी तपासतो. मी परत जाऊन तपासलं. खांब पाहिले, भिंत ठोकून पाहिली, मला काही सापडलं नाही. सग्डनबाबा चहा घेऊन आले आणि बाजूला उभे राहिले.

"इतकं चांगलं येत नाही, मिस्टर सग्डन," मी म्हणाले.

"चांगलं ते चांगलंच की."

"आमच्या धंद्यात नाही."

त्यांनी कप माझ्या हातात दिला. मग खिशातल्या फडक्याने ते पडदीच्या काचा पुसायला लागले.

गुरुवारी संध्याकाळी सात वाजता मंडळीची सभा भरली. बाहेर लख्ख उजेड होता. तेवीसच्या तेवीस जण आले होते. पुढच्या बाकावर बाबांची बायको नेली विणकाम घेऊन बसली होती, गोल चेहऱ्याची, सत्तरीची बाई. बाबा चार बाक सोडून मागे.

मी उभी राहिले आणि होतं ते सांगितलं. तीन आकडे चांगले, चौथा फार चांगला, आणि तो तसा का आला ते मला कळलेलं नाही. कारण कळेपर्यंत मी सही करणार नाही.

"जरा थांबा," मिसेस ब्रिअर्ली म्हणाल्या. "जास्त मार्क पडले म्हणून नापास? मी चाळीस वर्षं शाळा चालवली, असलं कधी ऐकलं नाही."

"मी नापास म्हणत नाही. मला माहीत नाही म्हणते."

"गायनाला अकरा दिवस आहेत. तुम्हाला कधी माहीत होईल?"

कुजबुज सुरू झाली. मागच्या एका गृहस्थाने म्हटलं, की आता ओढाताण पुरे, गालिचेवाल्याला हो म्हणून टाकावं. आणखी दोघांनी मान हलवली. मिसेस ब्रिअर्लींनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मला फार वाईट वाटलं. एक सही केली असती तर ही माणसं हसत घरी गेली असती. पण केली असती आणि गॅलरी खाली आली असती तर? मी खुर्ची घट्ट धरून उभी राहिले.

"ठीक आहे," मिसेस ब्रिअर्ली म्हणाल्या. "विकायचं की नाही, यावर हात वर करून..."

"हात नगा वर करू," मागून आवाज आला.

सग्डनबाबा उभे होते. आमच्याकडे साक्ष द्यायला माणूस उभा राहतो तसे, दोन्ही हात समोरच्या बाकाच्या पाठीवर.

"पाचरी हायेत तिथं," ते म्हणाले. "पडदीच्या वर, पट्टीच्या मागं. सागाच्या न्हाई, ओकच्या. सहा. म्या ठोकल्यात. तुळई पडदीवर टेकलीय, म्हणून काटा हलला न्हाई. पोरगी खरं बोलतीय."

माझ्या डोक्यात लख्ख झालं. पडदी आणि तुळई यांच्यामध्ये बोटभर फट असते, ती झाकायला लाकडी पट्टी असते. पट्टी काढून पाहायचं मला सुचलंच नव्हतं.

"आर्नल्ड," मिसेस ब्रिअर्ली म्हणाल्या, "तुम्ही परीक्षेत फसवलंत? या घरात?"

"परीक्षेसाठी न्हाई ठोकल्या. एकोणीस वरसं झाली त्याला."

"काय?"

"चौसष्ट सालच्या गायनाला सगळे उभे राह्यले तवा ती तुळई कडकन बोलली. म्या ऐकलं. आन् कुणी ऐकलं न्हाई. दुसऱ्या दिवशी बघितलं तर ही एवढी वाकलेली. सभेत सांगितलं असतं तर तुम्ही गॅलरी बंद केली असती. म्हणून पाचरी ठोकल्या. दर वरसाला गायनाच्या आधी पट्टी काढायची, हातोडीनं दोन दोन ठोके द्यायचे, आन् पट्टी लावायची. लेकरांबाळांना वर बसवलं म्या, माझ्या सहा पाचरींच्या भरवशावर. गायन चालू असलं की म्या त्या पडदीपाशी बसायचो. आवाज आला तर वरडायला." त्यांनी श्वास घेतला. "परवा पाचरी काढायच्या म्हणून पट्टीला हात लावला व्हता. पर धीर झाला न्हाई. चर्च जाईल असं वाटलं. डीकनपद सोडतो म्या. जास्त काही बोलायचं न्हाई."

नेलीने विणकाम मांडीवर ठेवलं. ती वळली नाही, समोर व्यासपीठाकडेच पाहत राहिली.

"म्हणून तू वर येईना व्हय?" ती म्हणाली.

"सांगितलं असतं तरी तू तुझ्या आईची वरची जागा सोडली नसतीस, नेली. बरोबर तिच्याखालीच तर हाये ती तुळई."

"मला वाटलं, माझ्यावर रुसलास. पोरगी कॅनडाला गेली, म्या जाऊ दिली, म्हणून. एकोणीस वरसं मला तेच वाटतंय."

बाबा खाली बसले. त्या तेवीस माणसांत एकालाही कुठे बघावं ते कळेना.

शेवटी मिसेस ब्रिअर्लीच उठल्या. "राजीनाम्याचं पुढच्या महिन्यात बघू," त्या म्हणाल्या. "मिस अमोलिक, पाचरी काढून पुन्हा वजन ठेवता येईल?"

"येईल. पण तुळई टिकेलच असं मी सांगू शकत नाही. म्हणून आधी खाली मजबूत टेकू उभे करायचे, दोन बोटं जागा सोडून. खाली आलीच तर टेकूवर येईल, आणि सगळं तिथेच संपेल."

"समजलं. ज्यांना हे मान्य आहे त्यांनी हात वर करावा."

बावीस हात वर गेले. सग्डनबाबांनी हात वर केला नाही. आपल्याला आता तो हक्क नाही असं त्यांना वाटलं असावं. नेली उठली, चार बाक मागे गेली आणि त्यांचा हात धरून तिनेच वर केला.

शुक्रवारी टेकू उभे राहिले आणि पाचरी निघाल्या. बाबांनी स्वतः काढल्या, एकेक करून, आणि प्रत्येक वेळी थांबून कान लावला. गठड्या पुन्हा वर गेल्या. शनिवारी दुपारी आम्ही त्या उतरवल्या तेव्हा सगळी मंडळी खाली उभी होती, कोणी बसायला तयार नव्हतं. मी चौथ्या तबकडीपाशी शिडीवर चढले. तुळई सहा मिलिमीटर खाली गेली होती आणि त्यातली पाच परत आली होती.

"बारा आण्यांच्या वर," मी मराठीतच म्हणाले. मग इंग्रजीत सांगितलं.

मिसेस ब्रिअर्लींनी सगळ्यांदेखत नाक शिंकरलं. मीरपूरचा एक गडी टाळ्या वाजवायला लागला, मग सगळेच.

मी बाबांना वर गॅलरीत नेलं. तिथे कोणीच नव्हतं. बाकांच्या पुढची गाण्याची पुस्तकं ठेवायची फळी होती, तिच्यावर मी पाणसळ ठेवली. फळी अगदी सपाट होती, तुळई जिथे वाकली होती त्याच्या बरोबर वरसुद्धा. मग बाकाचे पाय दाखवले. मधल्या बाकांचे पाय कडेच्या पायांपेक्षा दोन बोटं लांब कापलेले होते.

"सुताराने हे पाय असे का कापले?" मी विचारलं.

बाबा खाली वाकून बघत राहिले. कारागीर माणूस, त्यांना सांगावं लागलं नाही.

"बाकं बसवली तवाच तुळई वाकलेली व्हती," ते सावकाश म्हणाले.

"ओलं लाकूड घातलं असेल. बांधतानाच वाकलं, वाळलं, आणि तिथेच थांबलं. त्यानंतर खाली आली असती तर ही फळीही वाकली असती. तुम्ही ऐकलात तो आवाज लाकूड लोखंडी खांबाच्या टोपीवर घासल्याचा. शंभर वर्षं ती तशीच बोलत असणार."

"म्हंजी पाचरी..."

"गरज नव्हती."

ते तिथेच बाकावर बसले. मला वाटलं त्यांना आनंद होईल, पण आधी ते रडले. एकोणीस वर्षं एका माणसाने तीनशे माणसांचं ओझं एकट्याने वागवलं होतं, आणि ते ओझं मुळी त्याच्यावर नव्हतंच. एका शब्दाने कोणाला विचारलं असतं तर. पण तेही ठीक. मी त्यांना माझा रुमाल दिला, आणि खाली येऊन दाखल्यावर सही केली.

गायनाच्या सोमवारी दोन वाजल्यापासून गॅलरी भरायला लागली. मला वर पहिल्या रांगेत मानाची जागा ठेवली होती, पण मी नको म्हटलं. आपण ज्याच्यावर सही केली त्याच्याखाली बसायचं, असं मला शिकवलेलं होतं. मी पडदीपाशी खुर्ची घेतली. माझ्या डोक्यावर लोक बोलत होते, पाय घासत होते. तुळई एकदा कडकन वाजली आणि मी खुर्चीतून अर्धी उठले, खोटं कशाला बोलू.

शेजारी कोणी तरी येऊन उभं राहिलं. सग्डनबाबा. निळा सूट, तेल लावून चापून बसवलेले केस. ते सवयीने माझ्या शेजारच्या खुर्चीवर टेकले, आणि लगेच परत उठले.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "तीनशे झाल्यात वर. म्या मोजल्यात. आता आन् एक चाललं का?"

"तुमचं वजन मी आधीच धरलंय, मिस्टर सग्डन."

ते जिन्याकडे गेले. मी त्यांची पावलं मोजत राहिले, एकेक पायरी, मधे एकदा थांबली आणि पुन्हा सुरू झाली. मग माझ्या डोक्यावर, अगदी बरोबर डोक्यावर, नेलीबाईंचा आवाज आला.

"सरका गं जरा. आमचे हे आल्यात."

बाक करकरला, ऑर्गन सुरू झाला, आणि सगळे उभे राहिले.